काटा टोकाला टेकल्यावर

28 मार्च 1979 रोजी पहाटे चार वाजता अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना नदीतल्या थ्री माइल आयलंड या बेटावरील अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले आणि तिथून एक मोठा अपघात घडत गेला. उघडी अडकून राहिलेली झडप, दिशाभूल करणारे दिवे, गोंधळलेले चालक, अर्धवट वितळलेला गाभा ही कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यातला एक भाग मात्र बहुधा तळटीपेत जातो. किरणोत्सारी वायू बाहेर पडू लागले, तेव्हा ते किती आहेत हे सांगण्यासाठी जी यंत्रे स्टॅकवर, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या उंच चिमणीवर बसवली होती, त्यांचे काटे पहिल्या काही तासांतच टोकाला टेकले. त्यापुढे वायू दुप्पट आला काय आणि हजारपट आला काय, काटा तिथेच.

यंत्रे बिघडली नव्हती. ती रोजच्या कारभारासाठी घडवली होती, आणि रोजच्या कारभारात स्टॅकमधून जाणारी मात्रा अत्यल्प असते. सोनाराच्या तराजूवर ज्वारीचे पोते ठेवावे, तसे झाले. अपघातानंतर अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने इतर केंद्रांकडे पाहिले, तेव्हा कळले की थ्री माइल आयलंडसारख्या प्रसंगी ज्यांचा काटा पट्टीवर राहिला असता अशी यंत्रे देशातल्या चालू केंद्रांपैकी एक पंचमांशाहून कमी केंद्रांकडे होती. बेटावरचे दुर्दैव एकट्या बेटाचे नव्हते, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

त्या दिवसांत एकूण किती वायू बाहेर गेला? राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाचे उत्तर आहे 24 लाख ते 1 कोटी 30 लाख क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचे एकक). या दोन टोकांमध्ये पाचपटीहून अधिक अंतर आहे, आणि हे अंतर म्हणजेच टेकलेल्या काट्याची किंमत. सुदैवाने बाहेर पडलेला बहुतेक वायू झेनॉन होता, आयोडीन-131 फार तर 13 ते 17 क्युरी होते, आणि आसपासच्या सुमारे 20 लाख लोकांना मिळालेला डोस सरासरी 1 मिलिरेमच्या घरात होता. पण हे सगळे नंतर, आसपास टांगलेल्या, किरणांचा साठत जाणारा डोस नोंदवणाऱ्या टीएलडी बिल्ल्यांच्या आणि वाऱ्याच्या नोंदींवरून मागे मोजत जाऊन ठरले. निर्णय घ्यायची वेळ होती तेव्हा ते कोणाच्या हातात नव्हते.

मुख्य यंत्र गप्प झाले, खोटे बोलू लागले किंवा जागेवरच राहिले नाही, तर वायूंचे मोजमाप कसे करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. पर्यायी मोजणी म्हटले की पहिल्या यंत्राशेजारी ठेवलेले तसेच दुसरे यंत्र डोळ्यांसमोर येते. पण दोन्ही यंत्रांची वीज एका फलकावरून येत असेल, दोन्हींना नमुना एकाच नळीतून मिळत असेल, दोन्ही एकाच खोलीत असतील, तर ती जायची तेव्हा जोडीनेच जातील. म्हणून पर्यायी पद्धतीला दोन अटी लावल्या पाहिजेत. पहिली, ती मुख्य यंत्रापेक्षा वेगळ्या कारणाने चुकणारी हवी. दुसरी, तिच्यातून निघालेल्या आकड्याबरोबर त्याचा ठावठिकाणा हवा: कुठे मोजला, केव्हा मोजला, कशाने मोजला आणि काय गृहीत धरून मोजला. पुढची सर्व प्रकरणे या दोन अटींवर घासून पाहिलेली आहेत.

आधी वायूंची ओळख. युरेनियमचे विखंडन होताना जे तुकडे पडतात त्यांत क्रिप्टॉन आणि झेनॉन हे निष्क्रिय वायू असतात. इंधनाच्या नळ्यांना सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली तरी ते पाण्यात किंवा वाफेत उतरतात. ते कशाशीही संयोग पावत नाहीत, त्यामुळे साध्या फिल्टरमध्ये अडकत नाहीत. त्यांच्यावर उपाय एकच, वाट पाहायला लावणे. टाक्यांमध्ये किंवा कोळशाच्या थरांमध्ये त्यांना रेंगाळत ठेवले की अल्पायुषी वायू आपोआप विरतात. क्रिप्टॉन-88 चे अर्धायुष्य 2.8 तास, झेनॉन-135 चे 9.1 तास, झेनॉन-133 चे 5.2 दिवस, तर क्रिप्टॉन-85 चे 10.7 वर्षे. यांच्या जोडीला आर्गॉन-41 येतो, पण त्याचा उगम निराळा. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतोच. अणुभट्टीभोवतीच्या हवेवर न्यूट्रॉनांचा मारा झाला की त्यातला काही किरणोत्सारी होतो. राजस्थान आणि मद्रास येथील आपल्या जुन्या जड पाण्याच्या भट्ट्यांत भट्टीभोवतीचा कक्ष हवेने भरलेला असल्याने हा वायू ठळकपणे दिसे. नरोरा केंद्रापासून पुढच्या रचनेत तिथे पाणी भरले गेले आणि तो पुष्कळ कमी झाला.

निष्क्रिय वायू शरीरात साठत नाहीत. ढग डोक्यावरून जातो तेवढा वेळ बाहेरून डोस देतो आणि निघून जातो. आयोडीनचे तसे नाही; ते गवतावर बसते, गाईच्या दुधात उतरते आणि मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत साठते. मग निष्क्रिय वायू मोजण्याचा एवढा आटापिटा कशासाठी? कारण गाभ्यात काही बिनसले की बाहेर येणारा पहिला निरोप्या हाच असतो. त्याचे प्रमाण आणि त्यातल्या घटकांचे मिश्रण पाहून जाणकार माणूस इंधनाची अवस्था ओळखतो, आणि मागून आयोडीन येण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधतो.

स्टॅकवरचे मुख्य यंत्र कसे चालते हे समजले, की ते कुठे कुठे दगा देऊ शकते हेही समजते. स्टॅकच्या प्रवाहातून एक बारीक धार नळीने ओढून घेतात. ती आधी कागदी फिल्टरमधून जाते, तिथे धूलिकण अडकतात. मग कोळशाच्या डबीतून जाते, तिथे आयोडीन अडकते. उरलेला वायू डिटेक्टर बसवलेल्या एका भांड्यातून जातो. डिटेक्टर सांगतो ती संहती, म्हणजे एका घन सेंटीमीटरमध्ये किती मायक्रोक्युरी. तिला स्टॅकमधल्या हवेच्या प्रवाहाने गुणले की दर सेकंदाला किती वायू बाहेर जातो ते मिळते. समजा संहती 1 मायक्रोक्युरी आहे आणि प्रवाह सेकंदाला 50 घनमीटर, तर बाहेर जाणारा वायू सेकंदाला 50 क्युरी. हिशेब शाळकरी आहे. पण त्यात दोन संख्या आहेत, आणि दोन्ही स्वतंत्रपणे चुकू शकतात.

चुकण्याच्या वाटाही अनेक. मात्रा पट्टीबाहेर जाते. वीज जाते. नमुना ओढणारा पंप बंद पडतो. आयोडीन नळीच्या आतल्या बाजूला चिकटून राहते आणि डबीपर्यंत पोहोचतच नाही. अपघातात आजूबाजूचे पाइप आणि भिंती इतके तापतात, किरणांच्या अर्थाने, की डिटेक्टर भांड्यातला वायू मोजतो की शेजारचा पाइप, हे सांगता येत नाही. यांत सर्वांत फसवी चूक अंशशोधनाची, म्हणजे यंत्राची पट्टी जुळवण्यातली. यंत्र झेनॉन-133 साठी जुळवलेले असते, त्याचा गॅमा किरण 81 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे मवाळ. भट्टी बंद झाल्यावर पहिल्या काही तासांत मात्र क्रिप्टॉन-88 सारखे जहाल वायू जास्त असतात, त्यांचा एक किरण जवळपास 2,400 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. यंत्र दोघांना एकाच मापाने मोजते आणि काटा पट्टीवर असूनही आकडा चुकतो. टेकलेला काटा निदान संशय तरी जागवतो. पट्टीवर डोलणारा चुकीचा काटा तोही जागवत नाही.

पहिली पर्यायी पद्धत सर्वांत जुनी आणि सर्वांत विश्वासाची: हाताने नमुना घेणे. स्टॅकच्या नळीवरून ठरावीक आकाराच्या भांड्यात वायू भरून घ्यायचा आणि प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या डिटेक्टरपुढे ठेवायचा. हा डिटेक्टर एकूण किरण मोजून थांबत नाही. प्रत्येक किरणाची ऊर्जा वेगळी नोंदवतो. त्यामुळे झेनॉन किती, क्रिप्टॉन किती, आर्गॉन किती हे वेगवेगळे कळते. मुख्य यंत्राची अंशशोधनाची चूक इथे पकडली जाते, म्हणून पहिल्या अटीत ही पद्धत पुरी उतरते. तिची उणीव एकच, पण मोठी: ती त्या क्षणापुरती खरी असते. दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात काय झाले ते तिला माहीत नसते.

ही उणीव ओळखूनच नियम बांधले गेले. अमेरिकेतल्या केंद्रांसाठी जी नमुना नियमावली आहे, तिच्यात स्टॅकचे निष्क्रिय वायूंचे यंत्र नादुरुस्त असेल तर दर 12 तासांनी एकदा तरी हाताने नमुना घ्यावा आणि 24 तासांच्या आत त्याचे विश्लेषण करावे, असे सांगितले आहे. प्रवाह मोजणारे यंत्र बंद असेल तर दर 4 तासांनी प्रवाहाचा अंदाज लिहावा. तो चालू पंख्यांची संख्या आणि प्रत्येकाची ठरलेली क्षमता यांवरून काढता येतो. साठवलेल्या वायूची टाकी सोडायची असेल आणि तिचे यंत्र बंद असेल, तर दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, सोडण्याच्या वेगाचा हिशेब आणि झडपांची मांडणी दोन जाणकारांनी एकमेकांवर न विसंबता तपासायची. हे जमत नसेल तर टाकी सोडायचीच नाही. या शेवटच्या नियमात मला पर्यायी मोजणीचे सगळे तत्त्व दिसते. मोजता येत नसेल तर सोडू नये. अर्थात हे शांत दिवसांना लागू. अपघातात वायू परवानगी विचारत नाही.

अपघातासाठीची तातडीची पद्धत थ्री माइल आयलंडनंतर लगेच आली. मोठ्या पल्ल्याची कायमची यंत्रे बसवायला वेळ लागणार होता, म्हणून नियामक आयोगाने 1979 मध्येच केंद्रांना सांगितले की तोवरची कामचलाऊ सोय 1 जानेवारी 1980 पर्यंत उभी करा. त्यात मान्य केलेली एक युक्ती अशी: हातात धरायचा मोठ्या पल्ल्याचा सर्व्हे मीटर शिशाच्या जाड आवरणात बसवायचा, आवरणाला एक अरुंद खिडकी ठेवायची आणि ती नमुन्याच्या नळीच्या छोट्याशा तुकड्याकडे रोखायची. शिसे इकडचे तिकडचे किरण अडवते, मीटरला फक्त नळीतला वायू दिसतो. मीटरचा आकडा आणि वायूची संहती यांचा तक्ता आधीच करून भिंतीवर लावलेला असतो. वीज गेली तरी मीटर बॅटरीवर चालतो. रचना ओबडधोबड आहे, अचूकता बेताची आहे, पण काटा टेकल्यावर जिथे काहीच नव्हते तिथे आता निदान दशघाताचा, म्हणजे दहाच्या पटींतला, अंदाज आहे. निर्णयाला तेवढा पुष्कळदा पुरतो, कारण प्रश्न 50 की 55 असा नसतो; 5 की 5,000 असा असतो.

नोव्हेंबर 1980 मध्ये नियामक आयोगाने कायमच्या अटी जाहीर केल्या. भट्टीला वेढणाऱ्या बंदिस्त कंटेनमेंट इमारतीतून थेट येणाऱ्या वायूसाठी घन सेंटीमीटरला 1 लाख मायक्रोक्युरीपर्यंत मोजता आले पाहिजे, असे ठरले. रोजच्या मोजणीची खालची मर्यादा एक दशलक्षांश मायक्रोक्युरीच्या आसपास असते. म्हणजे पल्ला 11 दशघातांचा. एवढा पल्ला एका डिटेक्टरच्या आवाक्यातला नाही, म्हणून लहान, मध्यम आणि मोठ्या पल्ल्याची यंत्रे एकमेकांवर थोडी चढवून बसवतात. एकाची पट्टी संपण्याआधी दुसऱ्याची सुरू झालेली असते, आणि मधल्या सामाईक पट्ट्यात दोघे एकमेकांची साक्ष काढतात.

आयोडीनच्या बाबतीतला धडा आणखी वेगळा. थ्री माइल आयलंडला कोळशाच्या डब्यांत आयोडीनबरोबर झेनॉनही थोडाबहुत अडकला, आणि झेनॉनचे प्रमाण इतके प्रचंड होते की डबी मोजली की आयोडीनचा आकडा फुगून येई. त्यानंतर अशा प्रसंगासाठी कोळशाऐवजी चांदीयुक्त झिओलाइटच्या डब्या वापरात आल्या. त्या आयोडीन पकडतात, झेनॉन जवळपास सोडून देतात. फिल्टरच्या कागदाचीही अशीच एक खोड आहे. क्रिप्टॉन-88 विरून रुबिडियम-88 होतो, तो घन असतो आणि कागदावर बसतो. त्याचे अर्धायुष्य जेमतेम 18 मिनिटांचे. ताजा कागद मोजला तर खूप काही सापडल्यासारखे वाटते. म्हणून मुरलेला तंत्रज्ञ कागद एकदा मोजतो, थांबतो आणि पुन्हा मोजतो. दुसऱ्या वेळी जे उरते त्याचाच विचार गंभीरपणे करायचा.

आता स्टॅक सोडून बाहेर येऊ. स्टॅककडून काहीच कळत नसेल तर आतून आणि बाहेरून अशा दोन दिशांनी त्याला घेरता येते. आतून म्हणजे कंटेनमेंट इमारतीतल्या किरणांची पातळी पाहून, इमारतीची गळती किती असेल ते गृहीत धरून, बाहेर किती जात असेल याचा हिशेब करणे. बाहेरून म्हणजे कुंपणापाशी आणि गावांत मोजून, वाऱ्याच्या गणिताने मागे येणे. थ्री माइल आयलंडला पहिल्याच सकाळी या दोन्ही वाटांची गाठ पडली. कंटेनमेंटच्या घुमटातल्या मीटरवरून केलेल्या हिशेबाने नदीच्या पश्चिम काठावरच्या गोल्ड्सबरो गावात तासाला 10 रेम अशी भयंकर पातळी वर्तवली. त्या हिशेबात इमारतीतला दाब आणि म्हणून गळती मोठ्या अपघाताइतकी धरलेली होती. प्रत्यक्षात दाब बराच कमी होता. मोजणी पथक गोल्ड्सबरोला पोहोचले, तर तिथे तसे काहीच आढळले नाही. हिशेब माणसांनी जाऊन तपासला, म्हणून एक गाव त्या सकाळी विनाकारण उठवले गेले नाही.

दोनच दिवसांनी उलटे घडले. शुक्रवारी, 30 मार्चला, स्टॅकच्या अगदी वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरने तासाला 1,200 मिलिरेम अशी नोंद केली. आकडा खरा होता, मोजणीही बरोबर होती. पण वॉशिंग्टनजवळच्या नियामक कार्यालयात त्याच सुमारास कोणीतरी, टाकीतून वायू सुटत राहिला तर जमिनीवर किती डोस होईल, याचा काल्पनिक हिशेब मांडला होता, आणि योगायोगाने त्याचे उत्तरही 1,200 आले होते. बेटावरून आकडा आला तेव्हा तो कुठे मोजला हे कोणी विचारले नाही. दोन आकडे जुळले एवढ्यावर लोकांना हलवण्याची शिफारस राज्याकडे गेली. दुपारी गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांनी परिसर सोडावा, असा सल्ला दिला. पुढच्या काही दिवसांत सुमारे 1 लाख 40 हजार लोक घरे सोडून गेले. माझी दुसरी अट याच शुक्रवारातून आलेली आहे. ठावठिकाणा नसलेला बरोबर आकडा चुकीच्या आकड्याइतकेच नुकसान करतो.

चेर्नोबिलला 26 एप्रिल 1986 च्या रात्री आणखी एक दोष उघडा पडला. तिथल्या कामगारांजवळच्या मीटरांची पट्टी तासाला 3.6 राँटजेनपर्यंतच होती. काटा तिथे टेकला आणि वर कळवताना पट्टीची मर्यादा हाच आकडा म्हणून गेला; खरी पातळी कित्येक ठिकाणी त्याच्या हजारो पट होती. टेकलेल्या काट्याचा अर्थ ‘निदान एवढे’ असा असतो, ‘एवढेच’ असा कधीच नसतो, हे प्रत्येक नोंदवहीच्या पहिल्या पानावर छापले पाहिजे. दोनच दिवसांनी, 28 एप्रिलला, सुमारे 1,100 किलोमीटर दूर स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे दारावरचा मीटर वाजला. गळती आपल्याच केंद्रात असावी असे आधी वाटले. स्टॅक निर्दोष निघाला, बुटांवर आणि बाहेरच्या जमिनीवर मात्र धूळ होती. दोन वेगळ्या वाटांनी केलेली मोजणी एकमेकांशी भांडली आणि त्या भांडणातूनच जगाला चेर्नोबिल कळले.

सगळ्या सोयी एकदम गेल्या तर काय होते, ते फुकुशिमाने दाखवले. 11 मार्च 2011 च्या भूकंपात आणि त्सुनामीत केंद्राची वीज गेली आणि तिच्याबरोबर स्टॅकची यंत्रे व कुंपणावरची मोजणी ठाणीही गेली. फुकुशिमा प्रांताच्या 24 स्थिर ठाण्यांपैकी 23 निकामी झाली. काही पाण्यात वाहून गेली, उरलेल्यांची वीज किंवा संपर्क तुटला. जपानकडे स्पीडी नावाची ढगाचा मार्ग वर्तवणारी अत्याधुनिक प्रणाली होती, पण किती वायू सुटतो आहे हा आकडा तिला केंद्राकडूनच मिळायचा होता. तो आला नाही. शेवटी तासाला 1 बेकरेल एवढी नाममात्र मात्रा सुटते आहे असे मानून प्रणाली चालवावी लागली. त्यातून ढगाची दिशा कळू शकत होती, प्रमाण कळत नव्हते, आणि दिशेचा उपयोगही वेळेवर झाला नाही.

तरीही मोजणी पूर्ण थांबली नाही. केंद्राच्या आवारात फिरणारी मोजणी गाडी चालू राहिली. 15 मार्चला सकाळी नऊ वाजता मुख्य दरवाज्याजवळ तासाला सुमारे 12 मिलिसिव्हर्ट ही नोंद तिनेच केली. पुढे जपानच्या अणुऊर्जा संस्थेतले मासामिची चिनो आणि त्यांचे सहकारी यांनी ठिकठिकाणच्या हवेतल्या नोंदी घेऊन, वाऱ्याचे गणित उलटे चालवून, किती आयोडीन आणि सीझियम सुटले असावे याचा पहिला तपशीलवार अंदाज मांडला. अणुचाचणी बंदी करारासाठी जगभर उभारलेली झेनॉनमापक ठाणीही या कामी आली. पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर फुकुशिमाचा झेनॉन काही दिवसांतच टिपला गेला. बॉम्ब शोधण्यासाठी केलेली सोय वीज केंद्राचा हिशेब लावायला उपयोगी पडली, कारण तिचे त्या केंद्राशी काहीच नाते नव्हते: ना त्याची वीज, ना त्याची भिंत, ना त्याचा समुद्र.

मराठी वाचकाने हे सारे परदेशी म्हणून बाजूला ठेवू नये. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरची पहिली दोन युनिटे 1969 पासूनची, उकळत्या पाण्याच्या पद्धतीची. या पद्धतीत भट्टीतली वाफ थेट टर्बाइनवर जाते, त्यामुळे इंधनातून निसटलेले निष्क्रिय वायू वाफेबरोबर येतात आणि तिथून काढून, रेंगाळत ठेवून स्टॅकने सोडावे लागतात. तारापूरचीच तिसरी आणि चौथी युनिटे जड पाण्याची, प्रत्येकी 540 मेगावॉटची. त्यांचे वायू वेगळे, मोजणीची पथ्येही वेगळी. राजापूर तालुक्यात माडबन परिसरात जैतापूर प्रकल्पाच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत. देशात प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, आणि ती केंद्र सुरू होण्याआधीपासून हवा, पाणी, दूध, मासे, भाजीपाला यांची मोजणी करत असते. आसपास टांगायचे टीएलडी बिल्ले आपल्याकडे डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटचे, भाभा केंद्रानेच विकसित केलेले. बाहेरून मागे मोजत येण्याच्या पद्धतीचा पाया म्हणजे हाच संथ, कंटाळवाणा, वर्षानुवर्षांचा संग्रह. नेहमीची पातळी किती हे ठाऊक नसेल तर वाढ किती हे कोणी सांगू शकत नाही.

कोकण किनाऱ्याला वाऱ्याचे गणितही सोपे नाही. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री उलटा फिरतो. सकाळी दहाला केलेला अंदाज संध्याकाळी आठला निरुपयोगी. समुद्रावरून येणारी थंड हवा तापलेल्या जमिनीवर शिरली की उंच स्टॅकमधला वायू काही अंतरावर एकदम खाली उतरू शकतो. पावसाळ्याची आणखी गंमत अशी की पावसाच्या सरीबरोबर हवेतल्या नैसर्गिक रेडॉनची संतती, म्हणजे तो विरून तयार होणारे किरणोत्सारी पदार्थ, जमिनीवर येते आणि केंद्रातून काहीही सुटलेले नसताना गॅमा मीटर चढतो. ज्याने हा चढ दहा पावसाळे नोंदवला आहे, तोच अकराव्या पावसाळ्यात खरी वाढ वेगळी ओळखेल. म्हणून या पुस्तकात हवामानाच्या मनोऱ्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. ते कोरडे आहे, पण वगळू नये.

पर्यायी मोजणीबद्दल एक गैरसमज असा की ती स्वस्तातली, दुय्यम दर्जाची मोजणी असते. खरे तर ती माणसांच्या जिवावरची मोजणी असते. मुख्य यंत्र नियंत्रण कक्षात बसून वाचता येते. हाताने नमुना घ्यायला माणसाला नमुन्याच्या नळीच्या खोलीत जावे लागते, आणि अपघातात त्या खोलीत डोस असतो. म्हणून नमुना घेण्याची जागा, वाटेतली शिशाची भिंत, किती मिनिटांत परतायचे, भांडे कशातून न्यायचे हे आधी ठरवून सराव केलेला असावा लागतो. कपाटात नवीकोरी पडलेली शिशाची खिडकी आणि कधी न उघडलेला तक्ता यांना पर्याय म्हणता येत नाही. आपल्याकडे केंद्राबाहेरच्या आणीबाणीची रंगीत तालीम दर दोन वर्षांनी होते आणि तिची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. त्या तालमीत भोंगे वाजतात, बसगाड्या धावतात. स्टॅकचे यंत्र गेले आहे असे गृहीत धरून आकडा काढण्याची तालीमही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भीती वाढवण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही आणि ती झाकण्यासाठीही नाही. सामान्य नागरिकासाठी नियमाने ठरलेली मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे, तर जगात नैसर्गिक किरणोत्सारापासून माणसाला मिळणारा सरासरी डोस 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. चालू केंद्राच्या शांत दिवसांत स्टॅकमधून येणारा वाटा त्या मर्यादेच्याही खूप खाली असतो. पण ‘खूप खाली’ हे शब्द मोजणीवर उभे आहेत, आणि मोजणी एकाच यंत्रावर उभी असेल तर विश्वासही त्या एकाच यंत्रावर उभा राहतो.

वाचकाला विनंती एवढीच. तुम्ही अभियंता असाल तर तिसऱ्या प्रकरणापासून वाचा, पत्रकार किंवा प्रशासक असाल तर आठव्यापासून, आणि केंद्राच्या परिसरात राहत असाल तर सुरुवातीपासून. मग जनसुनावणीत किंवा तालमीच्या दिवशी चार प्रश्न विचारा. स्टॅकचे यंत्र बंद पडले तर पहिला आकडा कोण काढेल? किती वेळात काढेल? त्यासाठी लागणारी वीज, नळी आणि वाट मुख्य यंत्राहून वेगळी आहे का? आणि शेवटचा सराव केव्हा झाला? हे विचारायला अणुभौतिकी शिकावी लागत नाही. उत्तर लेखी मागा.